दुसरा नमुना

मोबाइलवर चक्री गरगर फिरत होती, पण रिपोर्ट काही उघडेना. जळकोटच्या बचत गटाच्या शेडमध्ये अकरा बायका महेश्वरीच्या खांद्यावर वाकल्या होत्या. शेंगाचटणी उखळात अर्धी कुटून तशीच पडली होती. पुण्याच्या लॅबनं चटणी पास केली तर दुबईची ऑर्डर पक्की. नाहीतर बाराही जणींच्या हातात परत दुसऱ्याच्या रानातलं खुरपं.

महेश्वरी गटाची सचिव. महिनाभर तिनं सगळ्यांना पढवलं होतं. तिकडं रोमला कोडेक्स म्हणून मोठी मंडळी आहे, देशोदेशीची माणसं तिथं बसून ठरवतात की शेंगदाण्यातल्या बुरशीचं विष किती चालंल. त्या मापाला उतरायचं तर एकही काळा दाणा जाता कामा नये. बायकांनी टोप्या घातल्या, दाणा न् दाणा निवडला. त्यात सगळ्यात कडक नजर तिच्या सासूची, रुद्रम्मांची. पण रुद्रम्मांना एक कोडं सुटत नव्हतं.

"ती रोमची माणसं चटणी चाखत्यात का न्हाय?"

"न्हाय ओ आत्या. मशीन तपासतं."

"चाखल्याबिगर कसं कळंल?" म्हणत त्या मान हलवून निघून गेल्या होत्या.

खोक्यात सीलबंद पुड्याशिवाय दुसरं काही सापडलं तर नमुना बाद, असं लॅबच्या कागदावर ठळक छापलेलं होतं. पुडा महेश्वरीनं स्वतः सील केला. खोक्याला चिकटपट्टी लावायचं काम तेवढं सासूकडं दिलं. आता बोला. खोकं कुरिअरच्या गाडीत बसून पार पुण्याच्या वाटेला लागलं, तेव्हा रुद्रम्मा सहज बोलून गेल्या, "नुसती चटणी धाडत्यात का कुणाच्या घरी? चार कडक भाकरी आन् वाटीभर चटणी फडक्यात बांधून ठिवली खोक्यात. कामाची माणसं, भूक लागत असंल की."

त्या दिवसापासून महेश्वरीच्या तोंडची चव गेली होती. गटात कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

रिपोर्ट उघडला. पहिलीच ओळ, 'मिळालेले नमुने : दोन.' महेश्वरीनं एक डोळा मिटून पुढं वाचलं. 'नमुना क्रमांक एक, शेंगदाणा चटणी, सीलबंद. विषाचे प्रमाण मर्यादेच्या आत. पास.'

मग काय विचारता. नागम्मानं टोपी पत्र्यापर्यंत उडवली. साठीच्या हरणाबाईनं हाताला लागेल तिला धरून फुगडी घातली. महेश्वरी हसत होती की रडत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. दुबई जणू शेडच्या दारात येऊन उभी होती.

रुद्रम्मा तेवढ्या जागच्या हलल्या नाहीत.

"दुसऱ्याचं काय लिवलंय?"

सगळ्या परत मोबाइलवर वाकल्या. महेश्वरीनं घाबरत पान खाली सरकवलं. शेऱ्याच्या रकान्यात कुणीतरी पेनानं, चक्क मराठीत लिहिलं होतं. तिनं एकदा मनात वाचलं, मग सासूकडं बघत मोठ्यानं वाचलं.

'नमुना क्रमांक दोन, भाकरी व चटणी, फडक्यात. तपासणीसाठी काही शिल्लक राहिले नाही. कृपया पुन्हा पाठवावे. भाकरी आठ.'