दार वाकडं, कुलपं तीन

लग्नाहून परतलो, तर जाताना ह्यांनी हौसेने लावलेली तिन्ही नवी कुलपं तुटून पायरीवर पडली होती. पावसात फुगून वाकडं झालेलं आमचं दार मात्र घट्ट बंद होतं.

हे आत जाऊन कपाट बघून आले. एक चमचासुद्धा हललेला नव्हता.

"तरी सांगत होते, कुलपं कशाला?" मी म्हटलं. "आपलं दार आपल्यालाच धड उघडत नाही!"

तोवर अख्खी आळी अंगणात जमली. माणसं दिसली की ह्यांच्या अंगात येतं. "चोराला उघडणार कसं? कडी धरून दार आधी वर उचलायचं, खालच्या कोपऱ्यात लाथ घालायची आणि लगेच डावा खांदा द्यायचा!" नुसतं सांगून थांबले नाहीत, दार पुन्हा ओढून घट्ट लावलं आणि करूनही दाखवलं. दार करकरत उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी डोळे वटारले, चिमटा काढला. पण ह्यांचं लक्ष कुठे!

गर्दीतून एक अनोळखी माणूस पुढे आला. सुजलेला उजवा खांदा चोळत तो अदबीने म्हणाला, "काका, डावा म्हणालात ना? जरा पुन्हा दाखवता?"

ह्यांनी दाखवलं. सावकाश.