फाटकावरची कोळीण

पिंपरीच्या माळावर कारखान्याच्या साहेबलोकांचे बंगले उठले आणि गेनबा आपल्याच वावरात पगारी माळी झाला. त्याच्या साहेबांना कोळ्यांचं भारी कौतुक. एका सकाळी त्यांनी फाटकावरच्या जाळ्यात बसलेली पिवळ्या पट्ट्यांची कोळीण गेनबाला दाखवली. गेनबानं जन्मात कोळी बघितलाच नसावा अशा थाटात.

"बाईसाहेबांनी चारदा जाळं झाडून काढलं, गेनबा. तरी ही पुन्हा इथंच विणते. जागा का सोडत नाही रे?"

गेनबानं मुंडासं सारखं केलं.

"अडाणी हाय, साहेब. आमाला तलाठ्यानं नोटीस वाचून दाखवली, तसं आमी शान्यावानी उठलो. हिला कुनी वाचून दाखवलीच न्हाई."