सारखी वाटणी

“दोघांनाही आईकडून तेच जनुक आलंय,” डॉक्टरीणबाई रिपोर्ट मिटत म्हणाल्या. “पण बाईच्या अंगात ते जास्त जोर धरतं. अल्झायमर होईलच असं नाही. पण ताई, तुमचा धोका भावापेक्षा जास्त. का, ते अजून नीट उलगडलेलं नाही.”

ताईने भावाकडे पाहिलं. तो मान खाली घालून नखं कुरतडत होता. तिच्या डोक्यात तिडीक गेली. सुटला लेकाचा! याही वेळी सुटला!

जन्मापासून हेच. खिडकीजवळची खाट त्याची. शिकवणी त्याला. चूक त्याची असली की “लहान आहे गं तो”, हिची असली की “घोडी झालीस, अक्कल नाही.” आईचं डोकं गेल्यापासून तिचं हगणं-मुतणं हीच काढत होती. आई तिलाच विचारायची, “बाई, तुम्ही कुठल्या?” आणि हा रविवारी हात हलवत आला की म्हातारीचा चेहरा उजळायचा. “आला माझा राजा!” सगळं पुसलं गेलं होतं, राजा तेवढा शाबूत.

ताई बस चालवायची. शहरातला एकेक खड्डा तिला पाठ. आता तेच डोकं जायचं. आणि हा आपल्या सलूनमध्ये म्हातारा होईपर्यंत गिऱ्हाइकांना जुने किस्से ऐकवत बसणार.

बाहेर येताच तिचा बांध फुटला.

“हस की आता! लाजतोस कशाला?”

“ताई, हळू. लोक बघतायत.”

“बघू देत! दुखणंसुद्धा तुला सवलतीत! सारखी वाटणी म्हणे! उद्या मी भर रस्त्यात बस थांबवून लोकांना विचारेन, मला कुठं जायचंय? तेव्हा कोण येणार? माझ्या दोन्ही पोरांना स्वतःचा कप विसळता येत नाही, ते मला भरवणार? तुझं काय, तू मजेत. काही झालंच तर पोरगी आहे तुला. घास घालील तोंडात!”

भाऊ मटकन बाकावर बसला.

“माझ्याकडून ते तिच्यात गेलं असलं तर?” तो म्हणाला. “मुलगी आहे ना ती, ताई.”