कानाचा निकाल

"या, खेळणीवाल्या बाई," बाबा म्हणाले. "समोर बसा. उजेडात. कोपऱ्यात तोंड खुपसून पुटपुटायची तुमची सवय मला सहन होत नाही."

ती समोरच्या खुर्चीत बसली. पस्तिशी उलटली तरी या खोलीत पाऊल टाकलं की तिचे तळहात ओले व्हायचे.

बाबांनी चाळीस वर्षं लोकांची गाणी रेकॉर्ड केली होती. धंद्यात त्यांना सगळे 'कान' म्हणत. कानाने नापास केलेला गायक दुसऱ्या दिवशी नोकरी शोधायला लागतो, असं लोक हसत हसत सांगायचे. त्यात हसण्यासारखं काय होतं, हे तिला कधी कळलं नाही. घरात राहून रोज नापास झालेली ती एकटीच होती.

ती इअरफोन बनवायची. दुकानात टांगलेले नव्हेत. माणसाच्या कानात लगद्यासारखी मऊ पुटी भरून साचा घ्यायचा आणि त्या एकाच माणसाच्या कानात बसेल अशी जोडी घडवायची. महागडं, डोळे फोडणारं काम. गायक यायचे, वादक यायचे, खूश होऊन जायचे. बाबा म्हणायचे, "खेळणी."

पर्समध्ये नोकरीचं पत्र होतं. प्लॅस्टिकच्या बाटल्यांच्या कारखान्यात साचे तपासायचे. संध्याकाळपर्यंत हो की नाही कळवायचं होतं. बाबांनी आज तोंड वाकडं केलं तर वर्कशॉपला टाळं लावायचं, हे तिने ठरवून टाकलं होतं. कितीदा म्हणून माणसाने स्वतःची लायकी विचारायला यायचं?

"महिना झाला," बाबा म्हणाले. "की उगीच माझ्या कानात पुटी भरून गेलीस?"

साचा घेतला त्या दिवशीसुद्धा त्यांनी असाच पाणउतारा केला होता. दोन्ही कान गच्च भरले की बाकीची गिऱ्हाइकं बावरतात, ओरडून बोलायला लागतात. बाबा मात्र तिच्या तोंडाकडे बघत आरामात तिच्या चुका काढत राहिले. विचारलेल्या प्रश्नाला चोख उत्तर. मुरलेला माणूस, दुसरं काय.

एरवी ती आधी नुसती रिकामी कवचं ओतायची. ती कानात नीट बसतात का, वायर कानामागून कशी वळते, हे गिऱ्हाइकाला बोलावून बघायची. मग तशीच दुसरी, पक्की जोडी करून तिच्यात स्पीकर बसवायची. बाबांना दोन खेपा मंजूर नव्हत्या. "एकदाच आण, पक्की आण. आणि फोन करू नकोस, मेसेज टाक." वर्षभर ते तिचा फोन उचलतच नव्हते. गुर्मी. म्हणून तिने रिकामी कवचं साच्यावरून ओतलेल्या प्लॅस्टरच्या कानांवरच बसवून बघितली आणि पक्की जोडी तयार केली.

सकाळी खणातून उचलून आणलेली डबी तिने उघडली. काळी कुळकुळीत जोडी. वायर लावली, जरा फिरवून एकेक बाबांच्या कानात बसवली. फट नाही, टोचणं नाही. कानातूनच उगवल्यासारखी बसली.

"हलकी आहे," बाबा म्हणाले.

"जड केली की कान दुखतात."

"मला शिकवू नकोस."

तिने प्लेयरवर मेसेजमध्ये कळवलेलं त्यांचंच जुनं गाणं लावलं. स्क्रीन त्यांच्यासमोर धरली. त्यांनी प्लेयर हातात घेतला, आवाज पार शेवटपर्यंत नेला.

"बाबा, कान फुटतील!"

त्यांनी डोळे मिटले होते.

ती त्यांचा चेहरा बघत बसली. स्क्रीनवरचं गाणं संपत आलं, संपलं, तरी ते तसेच. आई आत आली, चहा ठेवून तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले. ओले होते.

"दुसऱ्या कडव्याआधी बाई श्वास घेते," ते म्हणाले. "त्या श्वासासाठी मी माइक वीतभर मागे घेतला होता. तो आहे इथे. डावीकडे व्हायोलिनवाल्याची खुर्ची करकरते. लेकाला किती शिव्या घातल्या होत्या मी. तीही आहे." त्यांनी प्लेयर खाली ठेवला. "सगळं आहे गं. खेळणी नाहीत ही. चुकलोच मी. सोडू नकोस हे काम."

आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते असं चहाच्या कपाशेजारी येऊन पडलं. तिला काय करावं कळेना. खाली वाकून ती डबी आवरत राहिली.

"बाबा, खरंच?" तिने मान खाली घालूनच विचारलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. उत्तर दिलं नाही. एवढं बोलले तेच खूप झालं, ती मनाशी म्हणाली. जोडी त्यांच्या कानातच राहू दिली.

दारापर्यंत आई आली. "झालं ना तुझ्या मनासारखं?" ती हळूच म्हणाली. "काल दुपारभर तेच गाणं आठवत बसले होते."

जिना उतरतानाच तिने कारखान्याला कळवलं: नोकरी नको. पत्राचे चार तुकडे केले. रस्त्यात लोक बघत होते तरी डोळे पुसले नाहीत.

वर्कशॉपमध्ये दिवा लावला. बाबांच्या कानांचं प्लॅस्टर आता जपून ठेवायला हवं होतं. तिने खण ओढला. आत एक डबी होती, थेट त्या डबीसारखीच. ती उघडून तिने काळी जोडी तळहातावर घेतली. जड होती. चिठ्ठीवर तिचंच अक्षर होतं: बाबा, पक्की, स्पीकर बसवले.

रिकामी कवचं ती बाबांच्या कानात बसवून आली होती.