अठ्ठाविसावा नंबर

बेसबॉल टीमच्या ऑफिसात उर्वीचं काम एकच, ज्युनिअर टीममधल्या होतकरू पोरांची दरवर्षी क्रमवारी लावायची. त्यातला, दूरदेशाहून आलेला एडविन गेले दोन सीझन टेक्सासमध्ये प्लेनोला तिच्या आईच्याच घरी राहत होता. थालीपीठ मागून मागून खायचा आणि उर्वीच्या आईला, सुचित्राताईंना, चक्क 'आई' म्हणायचा.

"त्याला फार वर नको गं घालूस," यादीच्या आदल्या आठवड्यात आई म्हणाली. "वरच्या पोरांवर बाकीच्या टीम्सचा डोळा असतो. ट्रेड करून, बदल्यात दुसरा कुणी देऊन, नेतील त्याला. अजून एक वर्ष राहू दे ना इथे."

उर्वीने आधी आढेवेढे घेतले. मग आईचा चेहरा बघून तिने सहाव्या नंबरवरचं एडविनचं नाव गुपचूप अठ्ठाविसाव्यावर नेऊन ठेवलं.

मार्चमध्ये वरून फर्मान आलं. टीममध्ये जागा कमी केल्यात, पंचविसाव्या नंबरच्या खालचे सगळे घरी पाठवा.

एअरपोर्टवर, आईने दिलेला थालीपिठांचा डबा छातीशी धरून एडविन उर्वीला म्हणाला,

"थँक यू. अठ्ठाविसाव्या नंबरवर का होईना, तू माझं नाव यादीत ठेवलंस. दुसऱ्या कुणी तेवढंही केलं नसतं."