पायातली काच

चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर कुत्री येऊन आडवी झाली तेव्हा दुपार कलत होती. पायपुसण्यावर रक्त पाहून चष्मेवाला काठी शोधायला उठला. कोपऱ्यातल्या खुर्चीत त्याची आई बसली होती. तिनं त्याला काठी ठेव आणि चिमटा आण म्हणून सांगितलं.

तो कुरकुरला. गिऱ्हाइकं बिचकतील, चावली तर इंजेक्शनं मलाच टोचून घ्यावी लागतील, वगैरे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरचं भिंग त्याच्या हातात दिलं.

कुत्री तपकिरी होती, एक कान फाटलेला, गळ्यात पट्टा नाही. पुढच्या पंजात काच रुतली होती. भिंगातून तिचं टोक दिसत होतं. तसं बारीक काम त्याच्या हाताला नवं नव्हतं. चष्म्याच्या दांडीतला तिळाएवढा स्क्रू तो गप्पा मारता मारता बसवायचा. पण चिमटा जवळ आला की कुत्री पंजा ओढून घ्यायची. मग दात दाखवायला लागली. त्यानं जरा जोर केला तशी ती अशी गुरकावली की चिमटा रस्त्यावर जाऊन पडला.

"सरक," आई म्हणाली. गुडघ्यांवर हात देत ती पायरीवर टेकली, कुत्रीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मुलांना म्हणायची तेच तिच्या तोंडून निघून गेलं.

"इट्टक मिट्टक, काटा टिप्पक."

कुत्रीनं डोळे मिटले. हनुवटी पायरीवर टेकवली आणि दुखरा पंजा उचलून आईच्या मांडीत ठेवला.

चष्मेवाला चिमटा उचलायला वाकला होता, तो तसाच राहिला.

ते शब्द कुठल्या गाण्यातले नव्हते. चष्मेवाल्याचा धाकटा भाऊ लहानपणी अनवाणी हुंदडायचा आणि पायात काटे भरून घरी यायचा. त्याचं रडं थांबवायला आईनं ते मनानंच जुळवले होते. ‘टिप्पक’ म्हटलं की डोळे मिटायचे आणि पाय मांडीत द्यायचा, हा घरचा कायदा. घराबाहेर तो कुणाला ठाऊक असायचं कारणच नव्हतं. आणि धाकटा तर वडिलांशी भांडून घरातून गेला, तो त्या दिवसापासून कुणालाच दिसला नव्हता.

काच निघाली. चष्मेवाल्यानं चष्मे पुसायचं नवं फडकं फाडून पंजा बांधला. कुत्री दमली असेल म्हणून गप पडली, असं तो म्हणाला, स्वतःलाच सांगितल्यासारखं.  आईनं कुत्रीला उठू दिलं, चार पावलं जाऊ दिलं, आणि तेच शब्द पुन्हा म्हटले. कुत्री वळून आली. डोळे मिटून तिनं या वेळी दुसरा, बरा असलेला पंजा आईच्या मांडीत दिला.

भर धंद्याच्या वेळी चष्मेवाल्यानं दुकानाचं शटर ओढलं.

कुत्री लंगडत निघाली आणि दोघं तिच्या मागून. ती हमरस्त्याला लागेल, नाहीतर पार गावाबाहेर नेईल असं चष्मेवाल्याला वाटत होतं. भावासाठी त्यानं गावंच्या गावं पालथी घातली होती, पेपरात फोटो दिला होता, ओळख पटवायला शवागारांतसुद्धा जाऊन आला होता. कुत्री औषधांच्या दुकानापाशी वळली. एक गल्ली मागं पडली. दुसऱ्या गल्लीत टायर रचून ठेवलेल्या एका पत्र्याच्या शेडपाशी ती थांबली.

आत एक माणूस टबातल्या पाण्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत होता. कानांवरचे केस पांढरे झालेले. त्यानं आधी कुत्रीलाच झापलं, कुठं उलथली होतीस म्हणून. मग त्याला पंजावरची पट्टी दिसली. मग त्यानं मान वर केली.

तो धाकटा होता.

त्याचा हात ट्यूबवर तसाच दाबलेला राहिला. आई त्याच्याकडे बघत नव्हतीच. ती मागं वळून छपरांवरून दिसणारी एक निळी पाण्याची टाकी बघत होती. ती टाकी त्यांच्याच घरावरची होती.

चष्मेवाल्यानं विचारलं, कधी आलास परत. धाकटा म्हणाला की गेल्यावर वर्षाच्या आतच. तेव्हापासून इथंच, मालक देतो त्या खोलीत. तुम्ही दोघं दुकान उघडता ते कधी कधी कोपऱ्यावरून दिसतं.

चष्मेवाल्याचा आवाज चढला. बाबा अंथरुणावर तुझं नाव घेत गेले, तेवढ्यासाठी तरी यायचं होतंस, असं तो म्हणाला.

"आलो होतो," धाकटा म्हणाला. "तू मला हात जोडलेस, दादा."

चष्मेवाल्याला बाबांना नेलं त्या दिवशीची गर्दी आठवली. भेटायला येईल त्याला आपण हात जोडत होतो हेही आठवलं. चेहरा मात्र एकही आठवेना. 

आई आता वळली.

"इतक्या जवळ होतास?"

"लांब जाऊन बघितलं, आई. नाही जमलं."

"आणि या दोन गल्ल्या?"

 पाण्यातली ट्यूब धाकट्याच्या हातून सुटली आणि हळूहळू वर आली.