चालवणाऱ्याचं वजन

“एक दिवस उपाशी ठेवलं नाही हिला. एक दिवस!”

विश्वनाथ पुटपुटले, शेजारी उभ्या नीलाला ऐकू जाईल आणि काउंटरपलीकडच्या दुकानदाराला जाणार नाही, अशा बेताने. करोल बागेतल्या त्या दुकानात काउंटरवर त्यांच्या इलेक्ट्रिक सायकलची बॅटरी आडवी पडली होती. नीलाने ती आंघोळीच्या टॉवेलात गुंडाळून, वसुंधरातल्या घरापासून मांडीवर घेऊन आणली होती. गाडी चालवता चालवता अवनी दोनदा म्हणाली, “आई, डिक्कीत ठेव ना यार.” पण विश्वनाथांनी डिक्कीचं नावही काढू दिलं नाही.

दुकानदार भाटियाजींनी मीटर लावला. आकडा पूर्ण. मग त्यांनी बॅटरीला एक छोटी मोटर जोडली. मोटर दोन वेळा गुरगुरली आणि आकडा धाडकन खाली आला.

“देखने में फुल है, अंकल. काम पे लगाओ तो बैठ जाती है.”

“ऐसे कैसे? बालकनी में रखी है, चार्जर से हटाई ही नहीं कभी.” विश्वनाथांचा आवाज चढला. “तीस साल सबस्टेशन का बैटरी-रूम सँभाला है मैंने. एक बैटरी नहीं मरी मेरे हाथ से.”

“वही तो.” भाटियाजींनी मान हलवली. “वो लेड-एसिड थीं. उनको भरी रखते हैं. ये लिथियम है जी. खड़ी रखनी है तो आधी रखो, ठंडी जगह. मई-जून में बालकनी में भरी पड़ी रही, अंदर से गई. रोज चलाते, अस्सी परसेंट पे प्लग निकालते, तो बच जाती.”

अवनीने मोबाइल काढला. नीलाने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मार्चमध्ये विश्वनाथांची डावी बाजू गेली होती. पाय परत आला, काठीपुरता. हात आला नाही. ब्रेक सोडाच, चमचाही त्या हातात टिकत नव्हता. पण घरात सगळे म्हणत, थोडं बरं वाटलं की. दिवाळी झाली की. थंडी सरली की. आणि बाल्कनीत इन्व्हर्टरशेजारी चार्जरचा हिरवा दिवा अखंड जळत राही. तो दिवा बंद करायचं धाडस आठ महिन्यांत कुणाला झालं नव्हतं.

भाटियाजींनी दोन नव्या बॅटऱ्या समोर ठेवल्या. एक लहान, एक तिच्या दीडपट.

“बड़ीवाली दे दीजिए,” अवनी घाईने म्हणाली. “चलो बाबा, विषय संपला.”

“ऐसे नहीं, बेटा. बड़ी लेके खड़ी रखोगे तो फिर यही हाल.” त्यांनी कानावरचं पेन काढलं. “रोज कितने किलोमीटर? और चलानेवाले का वजन?”

पंखा फिरत होता. बाहेर कुणी तरी रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं.

“बहत्तर किलो,” नीला म्हणाली. विश्वनाथांचं वजन तिला तोंडपाठ होतं. दवाखान्याच्या प्रत्येक फॉर्मवर तिनेच लिहिलं होतं. “बहत्तर लिखिए.”

“छप्पन,” विश्वनाथ म्हणाले.

“अहो, छप्पन्न मी आहे.”

“तुझंच सांगतोय.”

नीलाच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

“सीट दोन इंच खाली आलीय,” ते काउंटरकडे बघत म्हणाले. “दोन महिने झाले. सीट काय आपणहून उतरते? आणि दूध आणायला तुला पूर्वी अर्धा तास लागायचा. आता बारा मिनिटं.”

“तुम्ही झोपलेले असता तेव्हा.”

“झोपलेला माणूस बाल्कनीत उभा राहू शकत नाही का?”

अवनीने मोबाइल खाली केला. “एक मिनिट. आई सायकल चालवते? बॅटरी तर वर चार्जरला होती!”

“बॅटरीशिवाय,” विश्वनाथ म्हणाले. मग भाटियाजींकडे वळून, बदलून आलेल्या नव्या साहेबांना आपलं सबस्टेशन दाखवावं तशा आवाजात, “तेईस किलो की साइकिल है. बिना बैटरी, बिना मोटर खींचती है. परसों हिंडन का पुल चढ़ के आई.”

“पुलावर? आई!”

“दूध संपलं होतं बूथवर,” नीला म्हणाली. कान लाल झाले होते. “आणि पुलाचं तुम्हाला कुणी सांगितलं?”

“गेटवरच्या गार्डने. सलाम ठोकून सांगितलं.”

भाटियाजी मनापासून हसले. “आंटीजी, फिर तो छोटीवाली भी बहुत है आपको.” त्यांनी लहान बॅटरी पुढे सरकवली आणि पेन कागदावर टेकवलं. “छप्पन. और अंकल, आप भी चलाओगे बीच-बीच में? तो उस हिसाब से—”

अवनी चटकन म्हणाली, “हां, हां, बाबा ठीक हो जाएं जरा, फिर—”

विश्वनाथांनी उजव्या हाताने डावा हात उचलून काउंटरवर ठेवला, नव्या बॅटरीशेजारी. बोटं अर्धवट मिटलेलीच राहिली. मग ते मराठीत बोलले, म्हणजे भाटियाजींसाठी नव्हतंच ते.

“मी आता सायकल चालवणार नाही, नीला. तू चालव. प्लग ऐंशीवर काढायचं काम माझं.”